दिवाळी आली, अजून वाचता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला बसली. सप्टेंबरात तिला सहा पूर्ण झाली. मी घरी शिवणकाम करते, मिस्टर दूध संस्थेत आहेत. सहामाही झाली तरी तिला काना-मात्रेचे शब्द वाचता येत नाहीत. 'घर', 'मगर' वाचते, पण 'चिमणी' आलं की चित्र बघून ठोकून देते. ३ उलटा काढते. पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहिते. वही जवळजवळ कोरी, गृहपाठ कधीच नाही. आज काय शिकवलं विचारलं तर 'खेळलो' म्हणते. सासूबाई म्हणतात, शाळेत नुसती गाणी म्हणून घेतात. शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो, पानंच्या पानं लिहितो. मी रोज रात्री तिला दोन तास घेऊन बसते. शेवटी दोघीही रडतो. आता आठवडाभर शाळेच्या वेळेला पोट दुखतं म्हणते. वर्गाच्या बाई चांगल्या आहेत, पण 'होईल हो, काळजी करू नका' एवढंच सांगतात. शिकवणी लावू का? पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेत घालू का? पहिलीत पोरं नक्की शिकतात तरी काय?
– एक आई, कागल तालुका

उत्तर :

पोटापासून सुरुवात करते, कारण तुम्ही ते पत्रात अगदी शेवटाकडं लिहिलंय.

आधी डॉक्टरांना दाखवा. जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग हे या वयात नेहमीचं आहे आणि त्याचा अभ्यासाशी काही संबंध नसतो. मग तिला एकटीला जवळ घेऊन विचारा, शाळेत सू लागली तर कुठं जातेस? दाराला कडी आहे का? पाणी असतं का? पहिलीतल्या कितीतरी मुली सकाळपासून शाळा सुटेपर्यंत दाबून धरतात आणि पाणीही पीत नाहीत. बाईंना विचारायची लाज, एकटीनं जायची भीती, आणि संडासाची अवस्था. यातलं काही असेल तर बाईंशी बोला, एखादी मोठी मुलगी सोबतीला द्यायला सांगा. या दोन्हीत काही निघालं नाही, तर मात्र ते रात्रीचे दोन तास बघायला हवेत. ते आजपासून बंद करा. कमी करा असं म्हणत नाही, बंदच करा. दिवसभर शाळेत बसून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला रात्री आणखी दोन तास बसवलं तर तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होते : वही उघडली की आई रागावते. पुढं ती वहीच टाळायला लागते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पहिलीत शिकतात काय?

तुमच्या मुलीनं जूनपासून जे शिकलंय त्यातलं बरंचसं वहीत येतच नाही. घरात कुणी काही सांगितलं तर तिच्या नावानं सांगतात. वर्गात बाई म्हणतात, 'सगळ्यांनी पुस्तकं काढा.' त्या 'सगळ्यांनी'मध्ये आपणही आलो, हे पहिलीतल्या मुलाला शिकावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे अर्धा वर्ग बाईंकडे नुसता बघत असतो, कारण आपल्याला कुणी हाक मारलेलीच नाही! दोन सूचना एका दमात ऐकून त्याच क्रमानं करणं, दुसऱ्याचं बोलून होईपर्यंत थांबणं, खेळात हरल्यावर भोकाड न पसरणं, आपला डबा आपण उघडणं, खिचडीच्या रांगेत उभं राहणं, ताट धुऊन ठेवणं, चप्पल ओळखून घालणं, आई समोर नसताना लागलं-खुपलं तर कुणाला सांगायचं ते कळणं, हा सगळा पहिलीचाच अभ्यास आहे. ज्या मुलाला हे जमत नाही त्याला पुढं अक्षर दाखवून उपयोग होत नाही, कारण ते बघायला मूल जागेवर असायला लागतं. शिकवणाऱ्या बाईला विचारा. जूनमधला वर्ग आणि दिवाळीतला वर्ग यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण तो पालकांना दाखवायचा कसा, हा प्रश्नच असतो. म्हणून त्या 'होईल हो' म्हणतात.

सासूबाईंच्या गाण्यांविषयी. शाळा सुरू झाल्यावरचे पहिले तीन महिने पहिलीच्या मुलांना खेळ, गाणी, गोष्टी, चित्रं यांतूनच शाळेची सवय लावायची, अशी सोय मुद्दाम केलेली आहे. 'विद्या प्रवेश' नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम २०२१ साली केंद्रानं आणला तो याचसाठी. म्हणजे तुमच्या बाई वेळ काढत नाहीयेत, नेमून दिलेलं काम करताहेत. आणि गाण्यांचं काम करमणुकीपुरतं नसतं. वाचता येण्याच्या आधी कानाला शब्दाचे तुकडे ऐकू यावे लागतात. चि-म-णी म्हणताना तीन टाळ्या पडतात, 'चिमणी'तला पहिला आवाज 'चिंच'मध्येही आहे, 'माळ' आणि 'बाळ' शेवटाला सारखेच वाजतात, हे ज्या मुलाच्या कानाला कळतं त्याला अक्षर चटकन चिकटतं. ज्याला कळत नाही त्याला अक्षर हे नुसतं चित्र वाटतं. यमकाची गाणी, टाळ्या, भेंड्या या कानाच्या तालमी आहेत. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्यांना म्हणावं, तुम्हीही तेच केलंत, फक्त हजेरीपटाशिवाय.

'चिमणी'वर मुलगी अडते त्याचं कारण 'चिमणी' खरंच अवघड आहे. आपल्याला सवयीनं दिसत नाही. 'घर' आणि 'मगर' या शब्दांत एका खुणेला एक आवाज आहे, डावीकडून उजवीकडे सरळ वाचत गेलं की झालं. 'चि'मध्ये वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. डोळा आधी वेलांटीला भेटतो, जिभेला मात्र 'च'पासून सुरुवात करायची असते. पुढं 'णी'ची वेलांटी उलट्या बाजूला. मध्ये बिचारा 'म' काहीच न घेता उभा. सहा वर्षांच्या मुलीला हे एका झटक्यात जमावं अशी अपेक्षा करू नका. चित्र बघून ती 'चिमणी' म्हणाली त्यालाही मी ठोकून देणं म्हणणार नाही. छापलेल्याला अर्थ असतो आणि तो चित्राशी जुळतो, एवढं तिला कळलंय. फक्त तिथंच थांबू द्यायचं नाही.

घरात भिंतीला बाराखडीचा तक्ता लावला असेलच. मुलं क का कि की चालीवर धडाधड म्हणतात आणि आयांना वाटतं, आली बाराखडी. मधल्याच एका चौकटीवर बोट ठेवून विचारा. मूल मनातल्या मनात पहिल्यापासून चाल म्हणत तिथपर्यंत येतं. ते पाठांतर आहे, वाचन नाही. त्यापेक्षा एकच खूण धरा. आठवडाभर फक्त काना. काका, मामा, बाबा, आजा, पाय, कान, चाक, माठ. तिला येणाऱ्या अक्षरांना काना लावून काय होतं ते तिनंच शोधायचं. मग दुसरी वेलांटी : मी, ती, पाणी, काकी. पहिली वेलांटी त्यानंतर. ऱ्हस्व-दीर्घाची चूक या वर्षी काढायची नाही. 'मि जाते' लिहिलं तरी चालेल. लिहिलं, हे महत्त्वाचं.

सरकारनं 'निपुण भारत' अभियानात जी उद्दिष्टं ठेवली आहेत तीही एकदा बघून घ्या, म्हणजे शेजाऱ्यांच्या पट्टीनं मोजायला नको. पहिलीच्या अखेरीस मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली छोटी वाक्यं वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी करावी, एवढंच त्यात आहे. मिनिटाला इतके शब्द वगैरे मोजमाप दुसरीपासून सुरू होतं. आणि हे सगळं वर्ष संपतानाचं. तुम्ही दिवाळीत वार्षिक परीक्षेचा निकाल मागताय. शिवाय महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होणारं मूल त्या जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. तुमची मुलगी शाळेत गेली तेव्हा पावणेसहाची होती. तिच्या शेजारी बसणारं मूल तिच्याहून सात-आठ महिन्यांनी मोठं असू शकतं, आणि या वयात सात-आठ महिने म्हणजे खूप झाले.

आता ५२. या गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आयाच काय, काही शिक्षकसुद्धा याला 'लक्ष नाही' म्हणून निकालात काढतात.

'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. लिहिताना आधी वीसचा २ आणि मग ५. तुमची मुलगी ऐकलं त्याच क्रमानं लिहिते, म्हणून ५२. ती कानाशी प्रामाणिक आहे! त्रेचाळीस, अठ्ठावन्न, सदुसष्ट, सगळीकडे हाच उलटा क्रम. त्यात एकोणतीस. म्हणायचं 'तीस'चं नाव आणि लिहायचा २. एकोणतीसला ३९ लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणताना वीस आधीच येतात, त्यामुळं शेजारच्या मुलाला ही अडचण विसाच्या पुढं येतच नाही. त्यात त्याची हुशारी किंवा तुमच्या मुलीची ढिलाई काही नाही. याच कारणानं २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं होतं. केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे कारणं सांगितली होती, पण ऐकायच्या मनःस्थितीत फार कमी लोक होते. माझं मत विचाराल तर पंचवीसला पंचवीसच म्हणावं, बाजारात तेच चालतं. पण शिकताना काही दिवस 'वीस आणि पाच, पंचवीस' असं दोन्ही म्हणायला काय हरकत आहे? मुलं आपोआप पहिलं सोडून देतात.

घरी एवढं करा. आगपेटीतल्या काड्यांची टोकं मोडून टाका, किंवा झाडूच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडा. दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधायला तिला लावा, बांधायचे तिनंच. मग म्हणा, पंचवीस काड्या दे. ती दोन गठ्ठे आणि पाच सुट्या देईल. मग त्या गठ्ठ्यांच्या खाली २ आणि सुट्यांच्या खाली ५ लिहायला सांगा. हे हातानं झालं की ५२ आपोआप कमी होतं. त्याच्याही आधी एक साधी परीक्षा घ्या. शंभरपर्यंत उजळणी म्हणणाऱ्या मुलाला ढिगातून सतरा चिंचोके मोजून काढायला सांगा. कित्येकांची जीभ पुढं पळते आणि हात मागं राहतो, एक चिंचोका दोनदा मोजला जातो. मोजून झाल्यावर 'मग किती आहेत?' विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. शेवटी म्हटलेली संख्या म्हणजेच 'एकूण', हे अजून ठरायचं असतं. हे ठरलं असेल तर गणिताचं निम्मं काम झालं असं समजा. नसेल तर आधी हेच करा, पाढे थांबतील.

उलट्या ३ ची काळजी सोडा. ३ उलटा केला की ६ दिसतो, दोन्ही आकडे आरशातल्यासारखे आहेत. वाटी सरळ धरा की उलटी, ती वाटीच असते, हेच मूल आतापर्यंत शिकत आलंय. अंक आणि अक्षरं सोडून जगात कुठलीच वस्तू तोंड फिरवलं म्हणून बदलत नाही. सातव्या वर्षापर्यंत हे होत राहतं.

वही कोरी असण्याबद्दल. मनगटातली छोटी हाडं या वयात अजून पूर्ण तयार झालेली नसतात. पानभर लिहून हात दुखतो म्हणणारं मूल बहाणा करत नसतं. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, असं केंद्रानं २०१८ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. गृहपाठ येत नाही ही तक्रार नाहीच, शाळा नियमानं चालल्याची खूण आहे. हात तयार करायचा असेल तर तिला शेंगा फोडू द्या, लसूण सोलू द्या, कणकेचा गोळा द्या. तुमच्याकडं शिवणकाम आहे, म्हणजे बटणांचा डबा असणारच. रंगानं, भोकांच्या संख्येनं बटणं वेगळी करणं, सुतळीत ओवणं, चिंध्या कात्रीनं कापणं, यानं पेन्सिलीची पकड सुधारते आणि वर्गीकरणही होतं, जे पहिलीच्या गणितात आहेच.

शेजारच्या मुलाबद्दल मी फार बोलणार नाही, तो आपल्या जागी बरोबर असेल. फक्त पानंच्या पानं कुणाचीही दिसली की एक लक्षात घ्या : फळ्यावरचं बघून उतरवणं आणि मनातलं लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. (खात्री करायला त्या पोराची परीक्षा घेऊ नका. शेजारधर्म टिकवायचाय.)

शिकवणी नको. गावातल्या शिकवणीत बहुतेक वेळा पहिलीपासून पाचवीपर्यंतची मुलं एका सतरंजीवर असतात आणि पहिलीच्या वाट्याला पानं भरणं येतं. म्हणजे तुमचे दोन तास तुम्ही पैसे देऊन दुसऱ्याकडं चालवायला देणार.

इंग्रजी शाळेचा निर्णय तुमचा आहे. पण तो 'ही इथं मागं पडली' या कारणानं घेऊ नका. मराठी तिच्या कानात सहा वर्षं भरलेली आहे, तरी वेलांटीला वेळ लागतोय. जी भाषा घरात, शिवारात, दूध संस्थेत कुठंच ऐकू येत नाही तिच्यात दुसरीला थेट नेऊन बसवलं तर तिला वाचणं आणि भाषा दोन्ही एकदम शिकावं लागेल आणि ती गप्प बसायला लागेल. मराठी शाळेत इंग्रजी नाही असं तर काही नाही. २००० सालापासून ते पहिलीपासूनच आहे. पुढं सेमी-इंग्रजीची सोय जवळ कुठं आहे ते चौकशी करून ठेवा. दुसरी संपल्यावर, मुलगी मराठी घडाघडा वाचायला लागल्यावर, शांतपणे विचार करा.

बाईंना भेटाल तेव्हा 'कशी आहे माझी मुलगी?' असं विचारू नका, त्याला 'होईल हो' याशिवाय उत्तरच नाही. असं विचारा : तिला कुठली अक्षरं ओळखता येतात, कुठली नाहीत? वर्गात सध्या कुठली खूण चालू आहे? ती आपणहून बोलते का? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असते? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही चांगल्या बाईकडं असतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर पोटदुखीसाठीही लागेल.

'खेळलो' म्हणते, ते म्हणू द्या. कोल्हापूरकडच्या बायका-मुली 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, आणि तुम्हीही बोलताना म्हणतच असाल. पुस्तकातली 'खेळले' ती पुस्तकातून शिकेल. आत्ता बोलताना मध्येच दुरुस्ती केली तर ती पुढचं सांगायचीच बंद होईल, आणि तुम्हाला तर शाळेत काय झालं ते ऐकायचंय. 'काय शिकवलं?' ऐवजी 'आज खिचडीत काय होतं, कोण रडलं, बाईंनी कुठली गोष्ट सांगितली?' असं विचारून बघा.

दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक कपाटात राहू द्या. अंगणात किल्ला करू द्या, मावळ्यांची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर तिलाच लिहू द्या, कशीही. चार ठिपके चार ओळींची रांगोळी तिला काढायला द्या. ठिपके सरळ येईपर्यंत ती स्वतःच पुसेल. शंकरपाळी डब्यात भरताना दहा-दहाच्या राशी करू द्या. रात्री सासूबाईंनी गोष्ट सांगायची, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलीनं बाबांना सांगायची. आणि रोज दहा मिनिटं तुम्ही तिला वाचून दाखवायचं, बोट ओळीखाली सरकवत. तिनं वाचायचं नाही, ऐकायचं. मध्येच तिनं एखादा शब्द आधी म्हटला तर हसून पुढं जायचं.

काळजी कधी करायची तेही सांगते, नाहीतर 'होईल हो' म्हणणाऱ्यांत माझीही भर पडेल. फेब्रुवारीपर्यंत रोज शाळेत जाऊनही निम्मी अक्षरं ओळखता येत नसतील, काल आलेलं अक्षर आज पूर्ण पुसलेलं असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, दहापर्यंतच्या वस्तू मोजताना गोंधळ होत असेल, किंवा गोष्ट ऐकून दोन वाक्यंही सांगता येत नसतील, तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा. टीव्हीजवळ जाऊन बसते का, मागून हाक मारली तर वळते का, सतत सर्दीनं कान गच्च असतात का, हे आत्ताही बघता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. तुमच्या शाळेत कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी मुलगी घरी राहणार नाही असं बघा. काही आढळलं तर पुढची तपासणी सरकारी दवाखान्यातून होते, पैसे लागत नाहीत.

फेब्रुवारीत मला परत लिहा. तेव्हा वहीचं सांगू नका. ढिगातून सतरा चिंचोके काढते का, काना लागलेला न पाहिलेला शब्द वाचते का आणि सकाळी पोट दुखतं का, एवढं तीनच कळवा.